अण्णांचा फझ उघडला

सांगली, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

आधी खाली बस. अण्णांचा फझ फेस सापडला, गिटारचा आवाज फाटका करणारा तो त्यांचा पायाचा पेडल! वहिनींनी माळा आवरायला काढला, तर जुन्या पेटीच्या खोक्यात धाबळीत गुंडाळून ठेवलेला. 2019 च्या पुरात खालचं घर बुडालं तेव्हा आपण दोघांनीही तो गेला असंच धरून चाललो होतो. पाणी माळ्याला लागलंच नव्हतं. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ती तुमची गोल तबकडी मिळालीय, रद्दीत घालू का?" मी जेवणावरून उठून गेलो.

तब्येत ठीक. शुगर गोळीवर आहे. हिची कंबर मधूनमधून धरते. झालं.

आता मुद्द्याचं. रंग तोच, करडा, कडेला उडालेला. ते दोन नॉब, मधलं ते हसरं तोंड, खाली आर्बिटर इंग्लंड. मागची पत्री उघडली तर बॅटरीची क्लिप हिरवी पडून नुसती पावडर झालेली. बाकी बोर्ड खडखडीत कोरडा. तपकिरी पट्टी, त्यावर मोजके रेझिस्टर, कपॅसिटर आणि दोन ट्रान्झिस्टर, सगळा आवाज या दोघांच्या जोडीवर. दोन्ही जुन्या जातीचे, जर्मेनियमचे. पहिल्यावर एनकेटी 275 हा नंबर अजून वाचता येतो. दुसरा मात्र एसी 128, आपल्या बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचा, तिन्ही पायांना वेगवेगळ्या रंगाच्या स्लीव्ह घातलेल्या आणि खाली सोल्डरचे ते जाड, गोल, चकचकीत थेंब. बघताक्षणी कळलं, रेडिओवाल्या काकांचा हात. असलं सोल्डर दुसरं कुणी करत नव्हतं. विसर्जनाच्या आदल्या रात्रीची ती दुरुस्ती, तू टॉर्च धरून उभा होतास ती.

नवी क्लिप लावली, साधी कार्बन-झिंक नऊ व्होल्टची बॅटरी घातली (अल्कलाइन मुद्दाम नाही घातली), माझ्या छोट्या अँपला जोडला, अँप अगदी स्वच्छ आवाजावर. फझ पूर्ण, व्हॉल्यूम पाऊण. एक ई सूर वाजवला आणि लेका, अण्णा खोलीत आले. खोटं सांगत नाही.

म्हणजे आपलं ते भांडण मिटलं. तू जन्मभर म्हणत आलास की अण्णांचा आवाज पेडलचा नव्हता, मंडळाच्या स्पीकरचा कोन (आतला कागदी पडदा) फाटला होता म्हणून तसा येत होता. माझ्या अँपचा कोन शाबूत आहे. तुझ्या बाजूनं एवढंच सांगतो, की तुझं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. इंग्लंडच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं 1964 मध्ये ब्लेडनं स्पीकर फाडूनच आवाज काढला होता. आणि फझची सुरुवातच बिघाडातून झाली. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत, 1961 ला आलेल्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला मिक्सरचं एक चॅनेल बिघडलं, बास गिटार फाटक्या आवाजात भुणभुणली, ती तशीच ठेवली, आणि त्यावरून 1962 ला मॅस्ट्रो कंपनीचं पहिलं फझ बाजारात आलं. अण्णांचा हा त्यानंतरचा, 1966 पासून लंडनमध्ये बनायला लागला तो. पण अण्णांच्या बाबतीत मी बरोबर होतो, हे तू आता लेखी कबूल करायचंस.

मग मला राहवेना. कपाटातून तुझा डबा काढला. हो, काकांनी बिस्किटांच्या डब्यात बनवलेला फझ, बीसी 148 नंबरच्या दोन सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा, अजून चालतो! शेजारी माझा तो हिरवा रशियन बिग मफ, तोही फझ पेडलच, ठेवला. तीच गिटार, तीच वायर, तोच अँप, आणि एकामागून एक.

मफमध्ये चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, सूर धरला की सोडतच नाही, भिंतच उभी राहते. पण गिटारचा व्हॉल्यूम खाली आणला की आवाज फक्त बारीक होतो, निवळत नाही. तुझा डबा सर्किटनं अण्णांच्याच जातीचा. करकरीत, टोकदार, ऊन असो थंडी असो तसाच. आणि त्याची ती खोड आठवते ना? विश्रामबागच्या मंडळात तू ऐटीत सोलो घ्यायला पाय दाबलास आणि स्पीकरमधून आकाशवाणी सांगली, हळदीचे आणि गुळाचे बाजारभाव! सिलिकॉनची गेन (आवाज वाढवायची ताकद) जास्त, वायर लांब, मग मीडियम वेव्ह आत शिरणारच. लोकांनी टाळ्या मात्र त्यालाच दिल्या होत्या.

अण्णांचा या दोघांहून निराळा. गिटारचा व्हॉल्यूम दहावर असताना गुरगुरतो, सातवर आणला की निवळतो, पाचवर जवळजवळ स्वच्छ, पण कडेला थोडी चमक राहते. अख्खं गाणं अण्णा करंगळीनं त्या एका नॉबवर काढायचे, पेडलला पाय न लावता. पुढच्या रविवारी मिरजेला चाचांकडे घेऊन गेलो. चाचा समोर तंबोऱ्याची घोडी घासत बसलेले. त्यांनी तिन्ही ऐकले, हातातली कानस न ठेवता. तुझ्या डब्याला म्हणाले, "ही खुली जवारी (तारेची झणझण), जरा जास्तच खुली." अण्णांच्याला म्हणाले, "ही गोल. कुणीतरी बसून लावलेली आहे." मफला काहीच म्हणाले नाहीत. मी विचारलं, लावलेली म्हणजे? तर म्हणाले, घोडीचा उतार केसभर इकडेतिकडे झाला की तार मरते नाहीतर किंचाळते, मधली जागा कानानंच सापडते, तसंच हे. चाचांनी आयुष्यात ट्रान्झिस्टर हातात धरला नसेल.

आणि माझी काळजी नेमकी तिथेच आहे. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. पुण्याचा एक जण पेडल घ्यायला तयार झालाय. येऊन बघून गेला. पहिल्यांदा त्यानं गिटार आणि फझच्या मध्ये आपला ट्यूनर लावला, बफरवाला (म्हणजे गिटारचा सिग्नल थेट न देता स्वतःमार्फत पुढे देणारा), आणि म्हणाला आवाज टोचतो. टोचणारच की! फझ फेसला गिटारचं पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) थेट लागतं, मध्ये बफर आला की तो चिरकतो आणि व्हॉल्यूमनं निवळायचं विसरतो. मी ट्यूनर काढायला लावला, थेट जोडला, मग गडी गप्प. खूप वेळ वाजवत बसला. मग मागची पत्री उघडली, एसी 128 बघितला आणि म्हणाला, "हा ओरिजिनल नाही, निम्मी किंमत. नाहीतर एनकेटी 275 ची जोडी मिळवून बसवा, पूर्ण देतो."

वहिनी मला म्हणाल्या, "बसवा की भाऊजी, एक तर स्क्रू बदलायचा." त्यांचं काय चुकलं? त्यांना पैसे हवेत, आणि ते त्यांच्या हक्काचे आहेत.

पण बंड्या, जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर म्हणजे स्क्रू नाही. एकाच नंबरचे दहा घे, दहाही निराळे. एकाची गेन सत्तर, दुसऱ्याची दीडशे, एखाद्यातून करंटची गळती एवढी की आवाज नुसता फसफसतो. आणि एनकेटी 275 च्या नावानं आज जे विकतात, त्यात दुसऱ्याच ट्रान्झिस्टरवर नवा नंबर छापलेले कितीतरी. समज खरा मिळाला, तरी या पहिल्याशी त्याची जोडी जुळेल कशावरून? मी मीटर लावून बघितलं. दुसऱ्याच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचारच्या आसपास व्होल्ट हवेत, सकाळी बरोबर तेवढेच आले. म्हणजे काकांनी हाताला आला तो एसी 128 ठोकला नव्हता. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत आकडा सरकतो आणि आवाज जाड, चिकट होतो, जर्मेनियमला ऊन सोसत नाही. माठाशेजारी सावलीत तासभर ठेवला की पुन्हा ताळ्यावर. अण्णा रात्री दहानंतरच का खुलायचे, त्याचं एक कारण तरी आज मला कळलं.

माझं मत पक्कं आहे. पेडल आहे तसाच द्यायचा, एसी 128 सकट, आणि घेणाऱ्याला सगळं खरं सांगून. अण्णा जे वाजवायचे, लोक ज्याला उठून उभे राहायचे, ते याच जोडीवर. लंडनहून मामांनी आणला तेव्हाचा आवाज आपण ऐकलाच नाही. ही दुरुस्ती काढून टाकली तर नाव जुनं राहील आणि आवाज जाईल, आणि किंमत मात्र दुप्पट होईल, हे मला पटत नाही. पण माझ्या मतापायी वहिनींच्या गुडघ्याचे निम्मे पैसे जाणार असतील तर मी कोण? रात्री झोप लागत नाही. हिला सांगितलं तर म्हणते, दोन्ही वाजवून दाखवा आणि जास्त देईल त्याला द्या. तिनं अण्णांचं ऐकलेलं नाही.

म्हणून तुला विचारतोय. त्या रात्री तू तिथे होतास, मी बॅनर लावायला गेलो होतो. काकांनी किती ट्रान्झिस्टर लावून बघितले? अण्णा वाजवून दाखवत होते का, की नुसतं मीटरवर? आणि महत्त्वाचं, काढलेला जुना एनकेटी 275 काकांनी तुझ्याच हातावर ठेवला होता. तू कधीच काही टाकत नाहीस. तुझ्या त्या गिटारच्या पिकच्या (तारा छेडायच्या नख्यांच्या) डबीत, तुटलेल्या तारांच्या खाली, बघ. मेलेला असला तरी चालेल. तो मिळाला तर पुणेवाल्याला पाकिटात घालून वेगळा देता येईल, काकांच्या हातचं सोल्डर न हलवता, आणि भाव वाढवून मागायला मला तोंड राहील.

तुझी बदली झाली का नागपूरला? धाकटीचा निकाल काय लागला? काकूंना नमस्कार, मोतीबिंदूचं नीट झालं असं ऐकलं, बरं वाटलं. भडंग पाठवतो, पण या वेळी वाटून खा.

पुणेवाला अक्षय्य तृतीयेनंतर येतोय. त्याआधी डबी उघड आणि फोन कर. सापडला तर कुरिअर करू नकोस, पाय मोडतील. थोरली पुण्याला येणार आहे ना, तिच्याकडे काड्यापेटीत कापूस घालून दे, स्वारगेटवरून मी घेऊन येतो.

तुझा,
दादू