पदवीच्या दिवशीचा गुळाचा खडा

पुण्यात माझा पदवीप्रदान समारंभ होता. बार्शीहून रात्रीच्या एसटीने आई आणि मी आलो. गडबडीत आईने मधुमेहाची गोळी घेतली, नाश्ता मात्र राहिला. चूक आमचीच.

व्यासपीठावर 2020 चं शैक्षणिक धोरण, स्टार्टअप, कृत्रिम बुद्धिमत्ता, विद्यापीठाच्या पुढच्या योजना असं भाषण रंगात आलेलं, आणि इकडे आईला दरदरून घाम. हात थरथरायला लागले. साखर 70 च्या खाली गेली की असंच होतं.

मागे उभ्या असलेल्या सफाईच्या मावशींनी काही न विचारता स्वतःचा डबा उघडला. आधी गुळाचा खडा, मग पंधरा मिनिटांनी अर्धी भाकरी. तेवढ्यात आमच्या विभागाची रांग लागली. "तू जा गं, मी बसते हिच्यापाशी." रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) बिल्ला लावलेल्या एका मुलाने आईचा मोबाइल घेऊन पुढे जाऊन सगळं टिपून आणलं.

परत आले तर आई मावशींना माझी पदवी समजावून सांगत होती, तीही चुकीची!

मावशी, नाव विचारायचं राहिलंच. त्या दिवशी तुमचं जेवण अर्धंच झालं असणार. मनापासून आभार. आणि दादा, व्हिडिओच्या शेवटी तुझा निम्मा चष्मा आलाय. आई तो पुसू देत नाही.