उधारीची वही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिपळूणच्या महापुरावर आपल्या पेपरात दर जुलैला मजकूर येतो, तसा यंदाही आला. वाशिष्ठीची पातळी, नदीतला गाळ, कोळकेवाडी धरणाचं पाणी की खाडीची भरती हा न संपणारा वाद, सगळं होतं त्यात. फोटो मात्र पुन्हा तोच: जेवणाचं पाकीट, ते देणाऱ्याचा हात आणि कॅमेऱ्याकडे वळलेला चेहरा. ती पाकिटं मीही खाल्ली आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण मला जे सांगायचंय, त्याचा फोटो काढायला तेव्हा कुणी नव्हतं.

बाजारपेठेत आमचं किराणा मालाचं दुकान आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी जिथवर चढलं, तिथे सासऱ्यांनी भिंतीवर लाल ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली होती. पुढे फळ्या ठोकल्या त्या रेघेच्या वीतभर वर. त्या वीतभरावर आम्ही सोळा वर्षं निर्धास्त होतो. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं ते रेघ, फळ्या सगळं गिळून माळ्याला टेकलं. आम्ही वरच्या मजल्यावर, वीज गेलेली, आणि खाली अंधारात पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटत होते. कुठला आवाज तेलाच्या डब्याचा आणि कुठला बिस्किटांच्या डब्याचा, हे मला वरून कळत होतं.

पाणी ओसरल्यावर शटर उघडेना. तांदळाची पोती फुगून आतून रेटून बसली होती. गोवळकोटच्या चार पोरांनी पहार घालून ते उचकटलं आणि नाव न सांगता पुढच्या दुकानाकडे गेली. आत गुडघाभर चिखल. मिठाच्या गोण्या रचल्या होत्या तिथे नुसती रिकामी गोणपाटं एकावर एक पडलेली, मीठ कधीच खाडीला मिळालेलं. गूळही तसाच गेला. तूरडाळीला तिसऱ्या दिवशी जो वास सुटला, तो अजून कधीकधी कुकर उघडताना नाकात येतो.

आणि उधारीची वही गेली. यजमानांना शाईपेनाने लिहायची हौस. पानं उलगडायला गेले तर हातात निळा लगदा आला. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, तिथली हजारो पुस्तकं त्याच पाण्यात भिजली. त्यापुढे माझी दोनशे पानी वही ती काय! तरी त्यात सत्तर-ऐंशी हजार रुपये होते, आणि कुणाकडे किती, हे सगळं काही डोक्यात राहत नाही.

सहाव्या दिवशी चिखल ओढत होतो, तेवढ्यात पेठमापची एक मासळीवाली आली. तिच्या घरातलं भांडंसुद्धा उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. म्हणाली, "वैनी, माझे दोनशे चाळीस राहिलेत." मी म्हटलं, वही गेली हो, राहू दे आता. तर म्हणते, "वही गेली, मी कुठे गेलेय?" ओच्यातून शंभराची ओली नोट काढून तिने काउंटरवर पसरून ठेवली. उरलेले गणपतीनंतर देते म्हणाली आणि नेमके तेव्हाच दिले.

मग माणसं येत राहिली. एक निवृत्त मास्तर आकड्यांचा कागद घेऊन आले, त्यात दोन नारळसुद्धा धरलेले. खेर्डीचं एक जोडपं काउंटरवरच भांडलं. तो म्हणे सहाशे, ती म्हणे नऊशे. अर्थात नऊशे द्यावे लागले त्याला! मी फक्त नव्या वहीत लिहून घेत होते, यावेळी बॉलपेनने. सगळे आले असं नाही. दोघे-तिघे अजून दुकानासमोरून जाताना मोबाइलमध्ये बघत जातात. असो.

कराडच्या ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही माल घेतो, त्यांचेच आम्ही मोठे देणेकरी होतो. यजमानांनी भीत भीत फोन केला. ते म्हणाले, जुनं राहू दे बाजूला, सणाचा माल कधी पाठवू तेवढं सांगा. कुंभार्ली घाट उतरून त्यांचा टेम्पो आला. १० सप्टेंबरला गणपती होते. त्याच्या आधी चार दिवस आम्ही निम्म्या फळ्या रिकाम्या ठेवून दुकान उघडलं. रवा, साखर, कापूर, वाती आणि मोदकाचं पीठ, एवढंच होतं. भिंतीचा रंग पोपडे धरून लोंबत होता. पहिल्या दिवशी बारा हजारांचा गल्ला झाला. पूर नसताना एवढा होत नाही. लोकांनी लागेल त्याहून जास्त साखर नेली, हे मला वजन करताना कळत होतं. एका घरी तीन माणसं आणि पाच किलो साखर?

सासऱ्यांच्या रेघेवर यजमानांनी दुसरी रेघ मारली आहे, ती शिडी लावून बघावी लागते. पुढच्या जुलैत आपला प्रतिनिधी तिचा फोटो काढायला येईल, तेव्हा त्याला जरा बसायला सांगा. ती नवी वही मी जपून ठेवली आहे. चहाही देईन.

(कृपया नाव छापू नये.)
आपली,
एक दुकानदारीण, बाजारपेठ, चिपळूण