गाई उलटल्या जूनमध्ये, दोष मे महिन्याचा

संपादक महोदय,

गोव्यात वाळपईच्या पलीकडे माझा पाच गाईंचा गोठा आहे आणि एक वळू. जर्सी रक्ताचा, तांबडा, चार वर्षांचा. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बहुतेक गाई त्याच्याकडेच येतात. गेल्या जूनमध्ये त्याला दाखवलेल्या सातांपैकी पाच गाई उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. एकवीस दिवस भरले की पुन्हा हंबरणे सुरू! सोसायटीवर दुधाचा कॅन खाली ठेवायच्या आत लोक विचारायचे, "काय, पाडा वांझ निघाला?" एकाने तर कापाकापीचा भावही सांगितला.

विकण्याआधी पशुवैद्यकांना बोलावले. त्यांनी वळूकडे नंतर, आधी छपराकडे पाहिले. वर सिमेंटचा पत्रा, तोही हात वर केला तर लागेल इतका खाली. "मे महिन्यात याला इथेच बांधला होता?" म्हणाले. होय, इथेच.

वळूच्या अंडांना अंगापेक्षा 2 ते 6 अंश कमी ऊब लागते. म्हणून तर ती पोटाबाहेर. डिसेंबरच्या पहाटे पाहा, पिशवी आखडून पोटाला चिकटलेली असते. मेच्या दुपारी तीच सैल होऊन लोंबते. आपल्याकडे पारा विदर्भासारखा 45 वर जात नाही, हे खरे; पण हवा एवढी दमट की घाम सुकतच नाही, मग लोंबून तरी काय गारवा मिळणार? आणि बीज काही एका रात्रीत होत नाही. तयार व्हायला सुमारे 61 दिवस, पिकून बाहेर यायला आणखी आठ-दहा. मेमध्ये बिघडलेले बीज जून-जुलैत गाईच्या पोटात जाते. तोवर पाऊस लागलेला असतो, वळू जोमात उडी घेतो आणि उन्हाळा कोणालाच आठवत नाही. उडीचा जोर वेगळा, बीजाचा कस वेगळा, हे मला पन्नाशीत कळले. वळूला लाळ्या-खुरकुताचा ताप येऊन गेला तरी पुढचे दोन महिने असेच होऊ शकते.

सगळे खापर वळूवर फोडत नाही. उन्हाने गाईचाही माज मुका होतो, म्हणजे त्याची खूण दिसत नाही, राहिलेला गर्भ सुरुवातीलाच जातो. आपली गोव्याची देशी गाय, श्वेत कपिला, उन्हाला जास्त टिकते. संकरित जनावर लवकर हरते.

मी काय केले? पत्र्यावर माडाची चुडते, म्हणजे झावळ्या, अंथरली आणि दुपारचा वळू कुळागरात, माडा-पोफळींच्या सावलीत नेऊन बांधला. गाई फक्त पहाटे दाखवायच्या ठरवल्या. गणेश चवथीनंतर त्याच वळूला सहा गाई दाखवल्या, एक उलटली. यात माझ्या चुडतांचे श्रेय किती आणि सरलेल्या उन्हाळ्याचे किती, हे पुढच्या जूनमध्ये कळेल.

वळूवाला असूनही एक सांगतो: मेपासून चवथीपर्यंत जमेल त्याने कृत्रिम रेतनच करावे. उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या रेताच्या कांडीला आपला मे लागत नाही. मात्र गाय रविवारी संध्याकाळी माजावर आली तर कांडी घेऊन येणार कोण? तेव्हा वाड्यावरचा वळूच उपयोगी पडतो.

म्हणून पशुसंवर्धन खात्याला विनंती. मी गेलो त्या वंध्यत्व शिबिरात गाईंची रांग लागली होती, वळूला कोणी बोलावलेच नव्हते. वळू एक आणि त्याच्यावर अवलंबून वीस-पंचवीस गाई. गाय बिघडली तर एका घराचे दूध जाते, वळू बिघडला तर वाड्याचे. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि चवथीच्या आसपास, तालुक्याला सूक्ष्मदर्शक घेऊन कोणी आले आणि गावातल्या वळूंचे बीज पाहून गेले तरी पुरे. आणि जूनमध्ये गाई उलटल्या म्हणून वळू विकायला काढलेल्यांनी सप्टेंबरपर्यंत दावे सोडू नये.

— एक दूध उत्पादक, सत्तरी