गेट दुरुस्त करायला आलेल्या मामांना

मामा, नमस्कार.

संभाजीनगरला लेकीच्या कॉलेजात प्रदर्शन होतं, तवा तुम्ही तिथं गेटची बिजागरी वेल्डिंगनं जोडायला आला होतात. नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघडं पत्र.

लेकीचं शिल्प आवारात उभं होतं. वखराच्या दोन पासा म्हणजे लोखंडी पाती, ट्रॅक्टरचा एक पाटा, पत्र्याचे तुकडे. पुरुषभर उंच आणि एका अंगाला कललेलं. मी जालन्याचा, हार्डवेअरचं दुकान. आमच्याकडं लोखंड बघायचं ते काट्यावर. भंगार भट्टीत जातं, सळई होऊन बाहेर येतं. तोंडातून निघूनच गेलं, "हे नेमकं हाय काय?" पोरगी गप्प झाली.

तुम्ही बिडी विझवून जवळ आलात. काय आहे ते तुम्हीही सांगितलं नाही. खाली बसून जोडावर अंगठा फिरवलात. "हे बघा, खवल्यावर खवला बसलाय. हात थरथरला असता तर इथंच कळलं असतं." मग वरची वाकलेली पट्टी दाखवलीत. मला वाटलं, हातोड्यानं वाकवली असंल. तर वेल्डिंग थंड होताना आक्रसतं आणि पट्टीला ओढून घेतं. "आम्ही क्लॅम्प लावून अडवतो. हिनं ओढू दिलंय." वेल्डिंगवर जमणारा पोपडा बाकी सगळ्या जोडांवरून ठोकून, तारेच्या ब्रशनं साफ केलेला, एकाच जोडावरचा तेवढा ठेवलेला. आणि हा सगळा भार चार-चार बोटांच्या तीन जोडांवर! आयुष्यभर वेल्डिंग रॉडची पाकिटं विकली, पण जोड असा कधी बघितला नव्हता.

मग मी मागून फिरून आलो. दोन पासांच्या मधल्या फटीतून आवारातला लिंब दिसत होता. ती फटही मापून ठेवलेली, हे तेव्हा ध्यानात आलं. वेरूळचा कैलास दगड काढत काढत केला. हे तुकड्याला तुकडा लावून.

नंतर चहा पिताना लेक खुलली. हुलिओ गोन्झालेझ म्हणून एक स्पॅनिश शिल्पकार होता. 1918 साली तो पॅरिसकडं रेनोच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि पुढं पिकासोला लोखंडाची शिल्पं करायला त्यानंच हात दिला. म्हणजे तोही तुमच्यातलाच की.

बाप-लेकीतला अबोला तुम्ही दहा मिनिटांत मोडलात, मामा. लई आभार.

शिल्प आता आमच्या दुकानापुढं आहे. परवा एकानं किलोचा भाव विचारला. पोपडा ठेवलेल्या जोडाला गंज धरायला लागलाय. रेड ऑक्साइड मारू, का तसंच राहू देऊ? लेक म्हणते, मामांनाच विचारा.