वर्गणीचा सिनेमा

कोल्हापूर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. सिनेमाबद्दल चार ओळी आणि बाकी सगळं त्या ओटीटीवाल्यांचं उत्तर अजून येत नाही याबद्दल! संकलन होऊन वर्ष होत आलं, सेन्सॉरचा कागद हातात आहे, आणि वितरक 'यात ओळखीचा चेहरा नाही' म्हणून हात झटकतोय. राग मानू नकोस, पण स्पष्ट लिहितो. सिनेमा तू स्वतःच्या हिमतीवर केलास आणि तो कोणी बघायचा हे मात्र परक्या माणसाला ठरवायला दिलंस.

गेले काही दिवस केरळातल्या 'ओडेसा' या सिनेमावाल्यांच्या गटाबद्दल वाचतोय. दिग्दर्शक जॉन अब्राहमची मंडळी (हिंदीतला नट नव्हे रे; हा बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचा विद्यार्थी, आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेला). १९८४ मध्ये त्यानं आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं की निर्मात्याच्या दारात जायचंच नाही. गावोगाव हिंडायचं, चौकात ढोल बडवून माणसं गोळा करायची, पथनाट्य करायचं, चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचा आणि मग झोळी पुढे करायची. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यानं द्यावं. त्या पैशांतून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' झाला, आणि तो पुन्हा तसाच गावोगाव दाखवला गेला.

गंमत बघ, त्या सिनेमाची गोष्टही तशीच आहे. वायनाडहून निघालेल्या एका तरुणाला वाटेत एक प्रेत दिसतं. त्या मुलाच्या आईला बातमी सांगायला तो कोचीकडे निघतो आणि मुक्कामागणिक मृताचे ओळखीचे लोक त्याच्याबरोबर चालू लागतात. शेवटी आईपुढे उभा राहतो तो जमाव. पैसे गोळा करायची रीत आणि कथेची रीत एकच निघावी, हे मला फार आवडलं.

आता तू म्हणशील, हे भाबडेपणाचं झालं. काही अंशी खरंच आहे. १९८७ मध्ये कोळिकोडला गच्चीवरून पडून जॉन गेला. मागे राहिलेल्यांनी माहितीपट केले, खेळ लावले, पण 'अम्मा अरियान'च्या तोडीचं पुन्हा काही झालं नाही. एका माणसाच्या वेडावर उभा केलेला डोलारा त्याच्यामागे किती टिकणार? शिवाय केरळात जमीन आधीच नांगरलेली होती. दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन वगैरेंनी १९६५ मध्येच तिरुवनंतपुरमला 'चित्रलेखा' फिल्म सोसायटी काढली होती. पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेनं १९७२ चा 'स्वयंवरम्' केला. आधी बघणारे तयार झाले, सिनेमा मागून आला.

'मंथन'चंही तेच, दूधउत्पादकांच्या सहकारी चळवळीवरचा श्याम बेनेगलांचा सिनेमा. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले हे आपण कौतुकानं सांगतो. पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते हेही सांगतो. पण ते दोन रुपये ज्या वाटेनं आले ती सहकारी संस्थांची वाट दुधासाठी कित्येक वर्षं आधी बांधलेली होती! १९७६ मध्ये सिनेमा लागला तेव्हा हेच शेतकरी ट्रक भरभरून बघायला आले, कारण तो त्यांच्या पैशांचा होता. माझ्या मते खरी किंमत या दुसऱ्या भागाची. दहा लाख एखाद्या शेठनंही दिले असते, पण त्यानं ट्रक भरून माणसं आणली नसती.

अलीकडचं बघायचं तर कन्नडमधला दिग्दर्शक पवन कुमार. 'लुसिया'ला निर्माता मिळेना म्हणून त्यानं उघडपणे लोकांकडेच पैसे मागितले. शंभराहून जास्त माणसांनी मिळून सुमारे पन्नास लाख जमवले आणि २०१३ मध्ये सिनेमा थिएटरात लागला. आणि आपल्याकडे म्हणशील, तर इथे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेनं. बँकेनं नव्हे.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते माहितीपट करणाऱ्या आनंद पटवर्धनांचं. दलितांवरच्या अत्याचारांबद्दल १४ वर्षं खपून केलेला 'जय भीम कॉम्रेड' त्यांनी भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, वस्तीतल्या माणसांपुढे दाखवला. ज्यांच्याबद्दल सिनेमा, ते समोर बसलेले. त्याहून कडक परीक्षक कुठल्या महोत्सवात मिळणार?

तर मुद्दा असा. तुझा सिनेमा ऊसतोडीवर आहे. तू बीडमध्ये बसून मुंबईकडे डोळे लावलेस आणि तुझा प्रेक्षक दिवाळीनंतर बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन इकडे, आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतो. कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, तळावर चार-पाच महिने असतो. संध्याकाळी तिथे पडदा लावायला काय लागतं? भाड्याचा प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि लाइट गेली तर जनरेटर. पहाटे तोडीला जायचं असतं, म्हणून खेळ लवकर लावू. सिनेमा लांबतोय असं वाटलं तर तिथेच कळेल. बायका उठून भाकरी थापायला गेल्या की समजायचं.

एक मात्र पक्कं. तिथे झोळी फिरवायची नाही. मजुरीची उचल आधीच घेऊन, कर्जात आलेल्या माणसापुढे वर्गणीचं ताट धरणं मला पटत नाही. पैसे इथल्या कॉलेजांतून, शिक्षकांकडून आणि फिल्म सोसायटीच्या सभासदांकडून काढू. शाहू स्मारकमध्ये एक तिकिटाचा खेळ लावला तर तळावरच्या दोन-तीन खेळांचा खर्च निघावा. आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि फोन वहीत टिपून घ्यायचा, म्हणजे पुढच्या सिनेमाला कुणाकडे जायचं ते तुला ठाऊक असेल. फेसबुकवर टाळ्या देणारे हजार आणि या वहीतले दोनशे यांत मी दोनशे घेईन.

ओटीटीचा होकार आला तर घे, मी नको म्हणत नाही. पण त्यासाठी हा हंगाम घालवू नकोस; फेब्रुवारी संपला की टोळ्या परतायला लागतात. मजुरांच्या टोळ्या आणणाऱ्या कारखान्यावरच्या एका मुकादमाशी माझी ओळख आहे, त्याला विचारून ठेवतो. येताना सिनेमा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ये. आणि तुझा तो संगीतवाला मित्र रिकामा असेल तर त्यालाही आण, ढोल वाजवायला कुणीतरी लागेलच.

आईंना नमस्कार. तारीख कळव.

तुझा,
नाना