चितळ मोजा, करंट सोडू नका

महोदय,
उमरेडकडे आमचं वावर कऱ्हांडला जंगलाला लागूनच आहे त्यामुळे चितळांचा कळप आम्हाला काही नवा नाही, पण यंदा हरभऱ्याचे शेंडे असे खुडलेत की धुऱ्याकडच्या तासांना घाटेच धरले नाहीत. रात्री जागल करून फटाके फोडले तर कळप शेजारच्या वावरात जातो, म्हणजे त्रास आपला सरला, त्याचा सुरू!

माझं म्हणणं एवढंच की हाकलायच्या आधी जरा बघा तरी. चितळ सकाळी आणि दिवस बुडताना चरायला निघतात, पायवाट सहसा ठरलेली असते, ओल्या मातीत खुरं दिसतात, कळपात माद्या किती, पिल्लं किती, शिंगवाले नर किती हे वहीत लिहून ठेवलं तर सोलर कुंपण नेमकं कुठं पाहिजे ते कळतं. शामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत कुंपणाला अनुदान आहे, पण अर्ज करायला जातो कोण?

तारेत मेन लाइनचा करंट सोडणारे मात्र आवरा. त्यात वाघही मरतो, माणूसही, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली केस होते ती वेगळी. आणि हो, वनखात्यानं पंचनामा पीक उभं असताना करावा, कापणी झाल्यावर येऊन काय बघणार?

– एक शेतकरी, ता. उमरेड, जि. नागपूर