लाल फ्यूजच्या जागी पिवळा: फॉग लॅम्प किट आणि फिटिंगबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या फॉग लॅम्प किटच्या धोकादायक फिटिंगबाबत आणि वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

फॉग लॅम्पची वायरिंग जळाल्याच्या माझ्या तक्रारीवर तुमच्या कस्टमर केअरकडून मला दोन ओळींचा ईमेल आला. ‘ग्राहकाने वायरिंगमध्ये फेरफार केल्याचे आढळल्याने वॉरंटी लागू होत नाही.’ आढळलं कोणाला? गाडी बघायला तर कोणी आलेलंच नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो.

मी आंबोलीत राहतो. नोकरीची एकतीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढण्यात गेली, आता निवृत्त आहे. आठवड्यातून दोन-तीनदा सावंतवाडीला उतरणं होतं, परत येताना बहुधा अंधार पडतो. जुलैतला आंबोली घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना धुक्याचं वेगळं सांगायला नको. दाणोली सोडून वर चढायला लागलं की गाडीचं बोनेट दिसतं, त्यापुढचं सगळं पांढरं. हेडलाइट अप्परवर टाकला तर समोर चादर टांगल्यासारखं होतं, कारण पाण्याचे थेंब उजेड आपल्याच डोळ्यांत परत फेकतात. फॉग लॅम्प खाली बंपरात असतो, उजेड रस्त्यालगत आडवा पसरतो आणि त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. त्यामुळे निदान पांढरा पट्टा आणि कठडा तरी सापडतो. पिवळा दिवा धुकं फोडतो असं सगळे म्हणतात, मला त्यात फार तथ्य वाटत नाही. डोळ्याला बरा वाटतो इतकंच. खरं काम त्या कापलेल्या कडेचं.

माझी गाडी छोटी हॅचबॅक, तीही खालच्या मॉडेलची, म्हणजे बंपरात फॉग लॅम्पच्या जागी काळी झाकणं. म्हणून जूनच्या शेवटी तुमचं ५५ वॅटच्या दोन दिव्यांचं किट घेतलं. किट ३,८५० रुपये, फिटिंग ६०० रुपये. खरं तर हे काम मी घरी दोन तासांत केलं असतं. पण डब्यावर ठळक छापलंय की अधिकृत केंद्रातच बसवून घ्या, नाहीतर वॉरंटी नाही. म्हटलं, ठीक आहे, यांचा माणूस, यांची जबाबदारी. तुमच्याच यादीतल्या दुकानात गाडी दिली, काउंटरवर चहा पीत बसलो आणि पाऊण तासात दिवे पेटलेले बघून खूश होऊन घरी आलो. बोनेट उघडून पाहिलं नाही. एवढी माझी चूक मी मान्य करतो.

पहिले काही दिवस ठीक गेले, कारण दिवे दहा-पंधरा मिनिटांच्या वर लागतच नव्हते. १२ जुलैला संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला मी आणि आमची मंडळी सावंतवाडीहून वर येत होतो. धुकं दाट होतं, दाणोलीपासून फॉग लॅम्प चालू होते. ‘काहीतरी जळतंय,’ ती म्हणाली. घाट चढताना ट्रकच्या क्लचचा वास नेहमीच येतो, म्हणून मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. माझं नाक एवढ्या वर्षांत वायरीवरचं प्लास्टिक (पीव्हीसी) जळाल्याचा वास ओळखायला शिकलंय, पण त्या क्षणी मी ऐकलं नाही. मोठ्या धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर फॉग लॅम्प गेले आणि मीटरचा दिवाही गेला. बटणाला हात लावला तर चटका बसला. हेडलाइट चालू होता, म्हणून हळूहळू पुढे जात राहिलो. मागून एसटी आली, हॉर्नवर हॉर्न. शेजारी आल्यावर ड्रायव्हर काच खाली करून ओरडला, ‘काका, मागचे लायटी पेटनत नाय तुमचे!’

म्हणजे त्या धुक्यात मी मागून कोणालाच दिसत नव्हतो. किती वेळ, देव जाणे. एसटीवाल्याची नजर चांगली म्हणून आज हे पत्र लिहितोय.

इंडिकेटर लावून कशीबशी गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी काय सापडलं ते सांगतो. कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो काढलाय, तारीख-वेळेसह.

तुमच्या किटबरोबरच्या आकृतीत बॅटरीच्या प्लसवरून १५ ॲम्पियरच्या फ्यूजमधून वायर रिलेच्या, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, ३० नंबरच्या पिनला दाखवलीय. ८७ वरून ती दिव्यांना जाते, आणि ८५-८६ ही कॉइल डॅशबोर्डवरच्या बटणाने चालते. आकृती अगदी बरोबर आहे, ज्याने काढली त्याला नमस्कार. रिले लावायचा तो याचसाठी की बटणातून फक्त कॉइलचा करंट जावा, जेमतेम ०.२ ॲम्पियर. दिव्यांचा मोठा करंट बॅटरीवरून थेट जाड वायरने जातो.

तुमच्या अधिकृत फिटरने काय केलं? रिले बॅटरीशेजारी टाय मारून छान बसवला. तुम्ही दिलेला जाड वायरचा हार्नेसही (वायरींचा तयार जुडगा) तिथेच गुंडाळून ठेवला. पण चारपैकी एकाही पिनला वायर नाही, रिले नुसता शोभेला! दिव्यांचा सप्लाय त्याने डॅशबोर्डमागच्या पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतला. ती वायर अर्ध्या एमएमची, सोलून, पीळ मारून, वर टेप. दिव्यांची दुसरी बाजू बॉडीला अर्थ.

हिशेब साधा आहे. दोन दिवे ११० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला नऊ ॲम्पियरच्या वर. त्यात गाडीचे मूळचे पार्किंग, टेललाइट, नंबर प्लेट, मीटर यांचे दोनेक ॲम्पियर. एकूण अकराच्या पुढे. स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चार्ट आहे, पार्किंगसाठी १० ॲम्पियर. १० चा फ्यूज लाल असतो. त्या जागी मला पिवळा सापडला.

पिवळा म्हणजे २०. दुकानात चाचणी घेताना लाल फ्यूज उडाला असणार आणि साहेबांनी ‘उडतोय ना, मग मोठा घाला’ म्हणून वीसचा घातला असणार. फ्यूज असतो तो वायरीआधी जळण्यासाठी. वीसचा घातल्यावर आधी वायर जळणार आणि मग फ्यूज. तसंच झालं. पार्किंगच्या वायरचं प्लास्टिक वितळून शेजारच्या दोन वायरींना चिकटलं होतं, तांबं उघडं पडून बॉडीला टेकलं तेव्हा कुठे तो पिवळा उडाला. बटणाची मागची बाजू मेणासारखी खाली ओघळलीय. हे सगळं डॅशबोर्डच्या आत, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. गावात कोणी आकडा टाकताना एवढा निष्काळजीपणा केला असता तर मी त्याला खाली उतरवून दोन शब्द सुनावले असते.

‘फेरफार’ तो कोणता, हे आता तुम्हीच ठरवा. जळका जोड तुमच्या दुकानाच्या टेपमध्ये आहे, बिलावर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, ‘फिटिंगसहित’ असं त्यांच्याच हातचं लिहिलंय.

आता दिव्यांबद्दल. तुमचा ईमेल आल्यावर म्हटलं, फिटरची चूक, मालाचा काय दोष, म्हणून तुमचाच हार्नेस तुमच्याच आकृतीप्रमाणे रिलेवरून जोडला. दिवे झकास लागले. गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली आणि दिव्याच्या उंचीला, जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर, भिंतीवर खडूने रेघ मारली. फॉग लॅम्पची वरची कड एवढ्या अंतरावर रेघेच्या वीसेक सेंटिमीटर खाली पडायला हवी. तुमच्या दिव्याला कडच नाही. गोल डाग पडतो, तोही रेघेच्या वर, माझ्या छातीपर्यंत. ब्रॅकेटला खाली-वर करायचा स्क्रूही नाही. समोरून येणारे मला डिपर का मारत होते, ते तेव्हा कळलं. असा दिवा धुक्यात हेडलाइटचंच काम करतो, म्हणजे पांढरी चादर उभी करतो. डब्यावर ‘मान्यताप्राप्त’ छापलंय, पण कोणाची मान्यता ते नाही. काचेवर आंतरराष्ट्रीय मान्यतेची खूण असलेला गोलातला ‘ई’ नाही, फॉग लॅम्पसाठी असतो तो ‘बी’ किंवा ‘एफ३’ही नाही. चाचणीचा कागद असेल तर मला पाठवा, नसेल तर तो शब्द छापणं बंद करा.

दिवे आता काढून डब्यात ठेवलेत, बंपरात परत काळी झाकणं.

माझ्या मागण्या: किटचे ३,८५० आणि फिटिंगचे ६०० रुपये परत करा. जळालेली वायरिंग बदलून घेतली, तिचं बिल २,७०० रुपये, तेही द्या. आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, जूनपासून त्या दुकानातून ज्या ज्या गाड्यांना तुमचं किट बसलंय, त्यांच्या मालकांना फोन करून फ्यूजचा रंग बघायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, बिलांवर सगळ्यांचे नंबर असतात. किती जणांना कळवलंत ते मला लेखी हवं.

पंधरा दिवस वाट बघीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. सदोष मालाबद्दल बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा असे तिघेही त्यात येतात, हे वकिलाला विचारूनच लिहितोय. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

सोबत बिलाची प्रत, तुमच्या ईमेलची प्रत आणि अकरा फोटो जोडले आहेत. पिवळा फ्यूज, वितळलेलं बटण आणि जळक्या वायरचा तुकडा पाकिटात घालून घरी ठेवलाय. माणूस पाठवलात तर दाखवीन, चहाही पाजीन, पण हातात देणार नाही.

आपला ग्राहक,
एक निवृत्त वायरमन
आंबोली, जि. सिंधुदुर्ग